दादा, अण्णांना तू काय सांगितलंस?

दादा,

तुझ्या बाराव्याला लोक तुझ्याबद्दल बोलले. तुयेच्या कारखान्यातले तुझे तीन सोबती आले होते, त्यातला एक बोलता बोलता रडला. देवळाच्या कमिटीतले गृहस्थ म्हणाले, एवढा सरळ माणूस इब्रामपुरात दुसरा दाखवा. मग तुझ्या सर्वेशने माझ्याकडे पाहिलं. "आते, तू बोल दोन शब्द." मी म्हटलं, घसा बसलाय. घसा चांगला होता. तीन दिवस आधी वहिनीने मला एक गोष्ट सांगितली होती, आणि त्यानंतर तुझ्याबद्दल चारचौघांत बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

म्हणून हे तुलाच लिहिते आहे. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. पण दुसऱ्या कुणाला सांगायचं म्हटलं तर आधी तू कसा होतास ते सांगावं लागेल, आणि तिथेच माझं सगळं अडतं आहे.

तुला आठवतं तसंच मला आठवतं का, ते आता कसं पडताळणार? आपल्या घरात टीव्ही आला तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि तू एकोणीसचा. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. अण्णा पेडण्याच्या बाजारात शिंपीकाम करायचे. त्या वर्षी त्यांना शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मिळालं आणि त्यांनी म्हापशाहून टीव्ही आणला, काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, पुढे सरकती दारं असलेला. तू माडावर चढून बांबूला अँटेना बांधलीस. वरून ओरडायचास, "आयलां?" मी जनेलातून डोकं बाहेर काढून ओरडायचे, "ना! मुंग्याच दिसतत!" असं करता करता पणजीचं चित्र एकदाचं लागलं, तेव्हा अण्णांनी दुकान उघडताना लावायचे तसे दोन्ही हात कपाळाला लावले.

पण अण्णांना ते चित्र नीट दिसत नव्हतं. ते कुणालाच माहीत नव्हतं. सुई ओवायला ते मला हाक मारायचे तेव्हा आपल्याला वाटायचं, वय झालं. डॉक्टरने काचबिंदू सांगितला तोवर एका डोळ्याची नजर गेलेली होती आणि दुसऱ्याची चालली होती. वर्ष-दीड वर्षात त्यांना फक्त उजेड कुठल्या बाजूला आहे एवढं कळायला लागलं. दुकान बंद झालं. मशीन घरी आलं आणि टीव्हीच्या शेजारी उभं राहिलं.

तेव्हापासून मी त्यांना टीव्ही सांगायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी आपल्या सोप्यावर अर्धा वाडा जमायचा, सगळे पडद्याकडे बघत आणि अण्णा मान खाली घालून बसलेले. मला ते बघवेना. मी त्यांच्या कदेलीला, त्या लाकडी खुर्चीला, खेटून बसायचे आणि कानाशी बोलत राहायचे. आता राजा आत आला. आता ती उठली. आता ती रागावली आहे पण दाखवत नाही. अण्णा शिंपी ना, ते पहिल्यांदा कपड्याचंच विचारायचे. "आंगार काय आसा गो? रंग कसलो?" काळ्या-पांढऱ्या टीव्हीत रंग कुठून दिसणार? पण मी सांगायचे. डाळिंबी. मोरपंखी. काठाला सोनेरी वेल. अण्णांचा चेहरा असा उजळायचा की मी आणखी दोन रंग घालायचे.

तुला ते आवडत नसे. "फटी मारता ती, अण्णा. हांगा सगळां काळांच दिसता." मग आपलं भांडण सुरू. तू म्हणायचास, आंधळ्या माणसाला जे दिसतं तेच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. तो आपल्यावर विसंबून असतो. मी म्हणायचे, रंग घातल्याशिवाय दिसल्यासारखं वाटतच नाही. ते भांडण आपण कितीदा भांडलो असू! अण्णा हसायचे आणि तुला म्हणायचे, "तू गप रे. तुका सांगूक येना. बाय सांगता तां माका दिसता."

ते वाक्य ते सहज बोलायचे. तू ते ऐकून उठून बाहेर जायचास, बांबू हलवायचं निमित्त करून. मला वाटायचं तू अँटेना बघायला गेलास.

मग मामा कुवेतहून आला आणि त्याने व्हिडिओ आणला. चांदीच्या रंगाचं ते जड धूड तू दोन्ही हातांनी छातीशी धरून जीपमधून उतरवलंस. त्याच्यावर माझ्या जुन्या फ्रॉकचं कापड शिवून झाकण घातलं अण्णांनी, हाताने चाचपून मापं घेत. दर शुक्रवारी तू म्हापशाच्या बाजाराला जायचास आणि येताना उंडे पाव, सुकी मासळी आणि भाड्याच्या दोन कॅसेटी घेऊन यायचास. चित्र पट्ट्यापट्ट्यांनी फाटलं की तू ते बारीक चाक फिरवत बसायचास. टेप आत अडकली की झाकण उघडून, श्वास रोखून, बोटाने तिला सोडवायचास. तेव्हा तुझ्याइतका हळुवार हात मी कुणाचा पाहिलेला नव्हता. हे मी आजही म्हणते. ते खरं आहे आणि ते मला खोडता येत नाही.

अण्णांनी शेवटचं शिवलं ते माझं पोलकं. तुला ते आठवायलाच हवं. कापड तू आणलं होतंस, म्हापशाच्या बाजारातून, खणाचं. अण्णा म्हणाले, मी शिवतो. आपण त्यांच्या हातात कापड दिलं. त्यांनी आठ दिवस घेतले. डावा खांदा थोडा वाकडा झाला, शिवण मानेकडे सरकली. बाह्या कोपरापर्यंत, गळा चौकोनी. बटणं लावायची त्यांना जमेनात, बोटांना भोकं सापडेनात. त्यांनी कापड बाजूला ठेवलं आणि जनेलाकडे तोंड करून बसले. तेव्हा तू ते उचललंस आणि पाठीची सहा शिंपल्याची बटणं एकेक करून लावलीस. "जालां, अण्णा," म्हणालास. "तुमचांच काम, मी फक्त बटणां लायली."

मी ते पोलकं पेटीत ठेवलं. म्हटलं, लग्नात घालीन.

लग्न मी श्रीधरशी केलं. तो दोडामार्गाकडचा, डिचोलीला खाणीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. आपल्यातला नव्हता. अण्णा म्हणाले, "तो आमच्यातलो न्हय, बाय," आणि त्यापुढे काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी दोन वर्षं थांबले. मग एका सकाळी पेटीतलं ते पोलकं आणि चार कपडे घेऊन बाहेर पडले. तुला मी आधल्या दिवशी सांगितलं होतं. तू म्हणालास, "जा. अण्णांना मी बघतो." तू मला म्हापशाच्या स्टँडवर सोडलंस, डिचोलीच्या बसमध्ये जागा धरून दिलीस, खिडकीशी उभा राहिलास. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या बाजूने उभं राहिलेलं माणूस कोण, असं कुणी विचारलं की मला ती खिडकी दिसायची.

डिचोलीला आम्ही सह्या केल्या आणि देवळात छोटं लग्न लावलं. श्रीधरचा मित्र व्हिडिओ शूटिंगचं काम करायचा, त्याने हौसेने सगळं टिपलं. मी त्याला एकच मागणं केलं होतं. माझ्या बाजूला एक कदेल रिकामी ठेवली होती, तिच्यावर शाल आणि नारळ ठेवला होता, अण्णांच्या नावाचा. म्हटलं, ती नीट दाखव. आणि मी तिच्यापुढे वाकेन तेव्हा थांब, घाई करू नको. मला कॅमेऱ्यात चार शब्दही बोलायचे होते, पण त्या काळी ते लोक मागाहून सगळ्यावर गाणी घालायचे. त्याने सांगितलं, आवाज राहायचा नाही, फक्त चित्र राहील. मी म्हटलं चालेल. माझा दादा आहे ना, तो सांगेल.

हे मी म्हणाले होते, दादा. अगदी ह्याच शब्दांत.

तुझं लग्न त्याच वर्षी झालं. मला बोलावणं नव्हतं. ते मी गिळलं, कारण दीडेक महिन्यात तू वहिनीला घेऊन माझ्या खोलीवर आलास. मी तुम्हाला चहा केला आणि निघताना कॅसेट तुझ्या हातात दिली. तुला समजावून सांगितलं. कदेल दाखवली आहे, ते सांग. पोलकं तेच घातलंय, ते सांग. मी वाकले आहे, ते सांग. तू म्हणालास, "सगळं सांगतो. काळजी नको करू."

पंधरा दिवसांनी तू एकटा आलास. दारातच उभा राहिलास. मी विचारलं, लावलीस? तू म्हणालास, "लावली." मग? "अण्णा म्हणाले, बंद कर." मी विचारलं, कुठपर्यंत बघून? म्हणजे ऐकून? तू खाली बघून म्हणालास, "सोड गो. त्यांचा राग जायला वेळ लागेल. मी सांगतो तेव्हा ये."

मी वाट बघितली. तू सांगितलं नाहीस. पत्र लिहिलं तर तूच वाचून दाखवणार. गावात फोन दुकानावर, निरोप तूच घेणार. अण्णांपर्यंत जायला तुझ्याशिवाय वाट नव्हती आणि तू दर वेळी म्हणायचास, अजून नको. आणि मला राग कुणाचा आला? अण्णांचा. माझी कदेल, माझं वाकणं, त्यांनीच शिवलेलं पोलकं, हे सगळं ऐकूनही जो माणूस बंद कर म्हणतो, त्याच्या दारात मी कशाला जाऊ? चार वर्षांनी ते गेले. मी आले. अंगणात उभी राहिले. बायका म्हणाल्या, मुलगी असून डोळ्यांत टिपूस नाही. खरंच नव्हता. मी त्यांच्या पायांना हातसुद्धा लावला नाही. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि मी तुझ्या छातीशी डोकं टेकवलं. तेव्हा तुला काय वाटलं, दादा? माझं डोकं तुला जड लागलं का?

त्यानंतरची तीस वर्षं तू माझा भाऊ होतास. दर चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान घेऊन डिचोलीला यायचास. माझ्या मुलीच्या वेळी रक्त कमी पडलं तेव्हा तू कारखान्यातून तसाच निघालास, अंगावर कामाचे कपडे. खाणी बंद पडल्या आणि श्रीधर घरी बसला, त्या पावसाळ्यात तू न विचारता उकड्या तांदळाचं पोतं आणून ठेवलंस आणि चहा न पिता गेलास. मी दर वेळी म्हणायचे, तू नसतास तर मला माहेर राहिलं नसतं. तू "काय तरीच" म्हणायचास. माझे ते आभार तू घेतलेस. एकदाही परत केले नाहीस. मला सगळ्यात जास्त तेच टोचतं आहे.

आता वहिनीने काय सांगितलं ते ऐक.

नववा दिवस होता. दुपारी जेवणं आटोपून बायका ओसरीवर लवंडल्या होत्या. वहिनी मला आत घेऊन गेली. तुझं कपाट उघडलं आणि तुझ्या लोकरी शालीच्या घडीतून कॅसेट काढली. माझी. बाजूला माझ्याच अक्षरात आमची दोघांची नावं लिहिलेली. मी म्हटलं, ही अजून आहे? ती खाली जमिनीवर बसली. ती बांद्याची, अजूनही तिकडचंच बोलते. म्हणाली, "बाय, मी त्या दिवशी थंयच होतंय. माका लग्न होवन दोन म्हयने झालेले. माझ्या तोंडातसून शब्द फुटूक नाय. आता ते गेले, आता सांगतंय. माका शिव्या घाल."

तिने सगळं एका दमात सांगितलं. तू कॅसेट घातलीस. अण्णा कदेल पुढे ओढून टीव्हीच्या अगदी जवळ बसले, एक हात टीव्हीवर ठेवून. गाणी वाजत होती. अण्णांनी विचारलं, "बाय कशी दिसता?"

तू म्हणालास, "बरी दिसता. हसता."

"आंगार काय आसा?"

"साडी. तांबडी."

"आणि पोलको?"

वहिनी म्हणाली, तू पडद्याकडे बघितलंस. पडद्यावर तेव्हा मी पाठमोरी होते. मग तू म्हणालास, "बाजारातलो. चकचकीत."

अण्णांनी टीव्हीवरचा हात मांडीवर घेतला. मग विचारलं, "माझ्या नांवान कोण बसलां थंय?"

पडद्यावर कदेल होती. वहिनीला दिसत होती, शाल, नारळ, आणि मी तिच्यापुढे डोकं टेकवलेली. ती म्हणाली, कॅमेरा तिथे इतका वेळ थांबला की मला वाटलं, आता हे सांगतील. तू म्हणालास, "कोण ना. तेंचीच मनशां आसत सगळी."

तेव्हा अण्णा म्हणाले, "बंद कर."

म्हणजे तू माझ्याशी खोटं बोललाच नव्हतास. ते खरंच बंद कर म्हणाले होते. हे कळल्यावर मी त्या खोलीत हसले, दादा. वहिनी घाबरली.

मी आधी तुझीच बाजू घेतली. सवय आहे. म्हटलं, टीव्ही काळा-पांढरा होता, चित्र मुंग्यांचं, त्याला पोलकं ओळखता आलं नसेल. मग आठवलं, पाठीची सहा बटणं तू लावली होतीस. तू लावलेली बटणं तुझ्याकडे तोंड करून होती. तुला साडीचा रंग दिसत नव्हता तरी तू तांबडी सांगितलीस. जन्मभर मला पदरचं घालू नको म्हणणारा तू. आणि जे डोळ्यांसमोर होतं ते गाळलंस.

वहिनीने आणखी एक सांगितलं. ते तिने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला दिवसातून चारदा वाटतं आणि चारदा वाटतं, बरं झालं सांगितलं. दोन-चार दिवसांनी तू कामावर असताना अण्णांनी तिला माझी पेटी उघडायला लावली. स्वतः आत हात घालून चाचपलं. एकेक कपडा बाहेर काढून बोटांनी शिवण बघितली. मग तिला म्हणाले, "तो पोलको हांगा ना. ती गेली त्या दिसा मी पेटी बघिल्ली, तो नाशिल्लो. माका वाटिल्लां, तिणें न्हेलो. लग्नाक घालतली." थोड्या वेळाने म्हणाले, "उडयलो आसतलो." टाकून दिला असेल.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी निघून गेले त्या सकाळीच त्यांनी पेटी उघडून बघितलं होतं आणि काय न्यायचं मी निवडलं ते त्यांना कळलं होतं. म्हणूनच त्यांनी तुला पोलक्याचं विचारलं. तो साधा शिंप्याचा प्रश्न नव्हता. ते मला विचारत होते, आणि माझ्या वतीने उत्तर द्यायला तू बसला होतास.

का केलंस? मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, मी गेल्यापासून अण्णा तुला रोज म्हणायचे, तुका सांगूक येना, बाय सांगता तसां सांग. जेवणाला, बातम्यांना, सगळ्याला. लग्नाआधी तू कामावरून यायचास, भात लावायचास, त्यांना आंघोळ घालायचास, मग टीव्हीसमोर बसून सांगायचास, आणि ऐकायचास काय? बाय बरी सांगता. एकदा तू सांगता सांगता मध्येच टीव्ही बंद केला होतास आणि विहिरीवर जाऊन बसला होतास.

मला ते समजतं. तू चोवीस-पंचवीसचा होतास, इतके दिवस घरात बाई नाही, आंधळा बाप, आणि जी पळून गेली तिचंच कौतुक. तुझ्या जागी मी असते तर मलाही राग आला असता. त्या एका दुपारपुरता मी तुला समजून घेऊ शकते. दुसऱ्या दिवशी सकाळी तू अण्णांना सांगू शकला असतास ना, की मी चुकलो, कदेल होती? आठ दिवसांनी? वर्षाने? चार वर्षं ते त्या कदेलीत बसले होते. तुला एक वाक्य बोलायचं होतं.

आणि ते गेल्यावर मला?

तू प्रयत्न केलास, तेही मी लिहिते, नाहीतर मी तुझ्यासारखीच होईन. गेल्या महिन्यात म्हापशाच्या इस्पितळात, नाकात नळी असताना, तू माझं मनगट धरलंस. "बाय, ती कॅसेट..." म्हणालास. मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, "सोड रे दादा, आता कशाला तां? मी अण्णांना कधीच माफ केलं." तू डोळे मिटलेस. मला वाटलं तुला बरं वाटलं. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते मी पदराने पुसलं आणि नर्सला सांगितलं की ह्यांना त्रास होतोय. एवढी मी मूर्ख.

बाराव्यानंतर मी ती कॅसेट म्हापशाला एका दुकानात दिली. तिथला माणूस अशा जुन्या टेपा मोबाईलवर उतरवून देतो. टेपेला पांढरी बुरशी धरली होती. तो म्हणाला, पाऊणेक तास निघेल, शेवटचं गेलं. काल सर्वेश मला घेऊन गेला. दुकानाच्या पायऱ्यांवरच आम्ही दोघांनी ते पाहिलं. त्याच्या मोबाईलवर ते रंगीत दिसलं. कॅसेट रंगीतच होती, टीव्ही आपला काळा-पांढरा. साडी हिरवी आहे, दादा. पोलकं डाळिंबी. वाकडा खांदा दिसतो. बटणंही.

सर्वेशने विचारलं, "आते, ही रिकामी कदेल कोणाची?"

मी म्हणाले, "तुझ्या आजोबांची."

"त्यांना कळलेलां?"

मी क्षणभर तुझ्या मुलाकडे बघितलं. त्याचं नाक तुझं आहे. मला सांगता आलं असतं की हो, तुझ्या बाबांनी सांगितलं होतं. त्याने ते मानलं असतं आणि घरी जाऊन तुझ्या फोटोला हार घातला असता. "ना," मी म्हणाले. "तुझ्या बाबान सांगूक ना." आणि मग सगळं सांगितलं. तू विहिरीवर जाऊन बसला होतास तेही सांगितलं.

त्याने मोबाईल बंद करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "बाबा तसे नव्हते."

"तसेही होते," मी म्हणाले.

परत येताना डिचोलीला मला उतरवताना तो म्हणाला, "महिन्याच्या दिवसाला येशील ना, आते?" मी म्हटलं, येईन. येणारच. तुझं पान मी वाढीन, तुला आवडतं तसं भाज्यांचं खतखतं करीन, कारण तू माझा भाऊ आहेस. पण हात जोडून काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही. माफ केलं, असं मी इस्पितळात एकदा म्हणून बसले, चुकीच्या माणसाला, चुकीच्या गोष्टीसाठी. परत तोच शब्द मला इतक्यात उच्चारता येणार नाही.

तू मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, ते तुला माहीत होतं. मी भांडले असते. तुझ्या दारात उभी राहून सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं ओरडले असते. दोन वर्षं, पाच वर्षं तुझं तोंड पाहिलं नसतं. चवथीला तुझं सामान परत पाठवलं असतं. आणि मग कधीतरी वहिनीच्या हातून निरोप आला असता, किंवा सर्वेशची मुंज असती, आणि मी आले असते, कुढत, एका कोपऱ्यात बसले असते, आणि तू चहा घेऊन माझ्यासमोर उभा राहिला असतास. आपण परत बोललो असतो. त्याला वेळ लागला असता, एवढंच.

वेळ होता आपल्याकडे, दादा. तीस वर्षं होती.